आधी परतीचा रस्ता, मग उड्डाण : गगनयानाकडून छोट्या उद्योजकाने काय घ्यावं



"नोकरी सोडा, उडी मारा, पंख आपोआप फुटतील." हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. व्यवसायावरच्या निम्म्या व्हिडिओंमध्ये ते कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. माझ्या वर्गात येणारी मुलंमुली ते पाठ करून येतात. माझं मत सरळ सांगतो. हा सल्ला खोटा आहे, आणि ज्याच्या घरात एकच पगार येतो त्याच्यासाठी तो धोकादायक आहे.

मग कुणी विचारतं, "सर, धाडस नको का? धाडसाशिवाय धंदा होतो का?" होत नाही. पण धाडस म्हणजे काय ते आधी ठरवूया. आपल्या देशाने हातात घेतलेलं एक मोठं धाडस बघा. माणसाला स्वतःच्या रॉकेटमधून अंतराळात पाठवायचं, म्हणजेच गगनयान. बातम्यांमध्ये आपल्याला धूर, आग, काउंटडाऊन आणि टाळ्या दिसतात. पण या कार्यक्रमाचा इतिहास तारखांसकट एका ओळीत मांडला की वेगळीच गोष्ट लक्षात येते. वर जायच्या तयारीइतकीच, काही बाबतीत त्याच्याही आधी, खाली परत यायची तयारी झाली. आजच्या लेखात मला एवढंच सांगायचंय. वाचताना तुमचं दुकान, तुमचं मसाल्याचं युनिट, तुमचा चहाचा गाळा डोळ्यासमोर ठेवा.

पाहुणा म्हणून जाणं वेगळं, स्वतःची गाडी वेगळी

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले. ते पहिले भारतीय अंतराळवीर. गाडी मात्र सोव्हिएत संघाची होती. सोयुझ टी-११ यान, सॅल्यूट-७ हे स्थानक, प्रशिक्षणही त्यांचंच. जवळपास आठ दिवस राहून ते ११ एप्रिलला परत आले. देशभर आनंद झाला, आणि तो योग्यच होता.

पण त्यामुळे आपल्याकडे मानवी अंतराळ कार्यक्रम सुरू झाला का? नाही. आपण पाहुणे होतो. पाहुण्याला जेवण मिळतं, स्वयंपाकघराच्या किल्ल्या मिळत नाहीत. मामाच्या दुकानात दिवाळीला आठ दिवस गल्ल्यावर बसलो म्हणजे आपल्याला दुकान चालवता येतं, असं नसतं. अनुभव म्हणून ते मोलाचं आहे, पण भाडं, माल, उधारी आणि वसुली यातलं काहीच आपल्या डोक्यावर नसतं.

त्या काळात इस्रोचा स्वतःचा धंदा (हा शब्द मी आदरानेच वापरतोय) उपग्रह सोडण्याचा होता. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला आणि स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत आपण जाऊन बसलो. आता इथे एक साधी गोष्ट बघा. उपग्रह एकदा वर गेला की खाली आणायचा नसतो. प्रवास एकतर्फी असतो. काम झालं, वर पोहोचलं, संपलं.

माणूस वर पाठवायचा तर तो परत आलाच पाहिजे. इथे धंद्याचं सगळं गणितच बदलतं.

पहिलं काम : खाली आणून दाखवणं

१० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्ही-सी७ रॉकेटमधून एक छोटी कुपी वर गेली. वजन साधारण साडेपाचशे किलो. नाव होतं स्पेस कॅप्सूल रिकव्हरी एक्सपेरिमेंट, थोडक्यात एसआरई-१. ती बारा दिवस कक्षेत फिरली आणि २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात उतरली. तिथून ती शोधून आणली गेली.

तेव्हा ना गगनयान हे नाव जाहीर झालं होतं, ना अंतराळवीर निवडले होते. माणूस वर नेईल असं रॉकेट तर हातातच नव्हतं. पण परत येताना वातावरणाच्या घर्षणाने जी भयंकर उष्णता तयार होते तिच्यातून वस्तू वाचवता येते का, पॅराशूट वेळेवर उघडतं का, समुद्रात पडलेली कुपी तरंगते का आणि आपल्याला सापडते का, हे एका छोट्या आणि बिनमाणसाच्या कुपीवर तपासून झालं होतं.

पुढचं पाऊल १८ डिसेंबर २०१४ चं. एलव्हीएम-३ या मोठ्या रॉकेटचं पहिलं प्रायोगिक उड्डाण. त्याचा वरचा क्रायोजेनिक टप्पा अजून तयार नव्हता. मग इस्रोने काय केलं? वाट बघत बसले नाहीत. वरचा टप्पा नुसता वजनापुरता ठेवला, खालचे दोन टप्पे खरे चालवले, आणि रॉकेटच्या डोक्यावर पावणेचार टनांच्या आसपास वजनाचं रिकामं क्रू मॉड्यूल बसवलं. ते सुमारे १२६ किलोमीटर उंचीवर जाऊन खाली आलं आणि अंदमानजवळ समुद्रात उतरलं. एका खर्चात रॉकेटची चाचणी झाली आणि परत येण्याचीही झाली. ज्यांना वाटतं की सगळं सामान आल्याशिवाय ट्रायल घेता येत नाही, त्यांनी हे उड्डाण लक्षात ठेवावं. जेवढं तयार आहे तेवढ्यावर काय तपासता येईल, हा प्रश्न रोज विचारायचा.

आता तिसरी तारीख. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ५ जुलै २०१८, श्रीहरिकोटा. रॉकेट लाँचपॅडवर उभं असतानाच काही बिघडलं तर आत बसलेल्यांना उचलून दूर कसं न्यायचं, याची ही चाचणी होती. तिला पॅड अबॉर्ट टेस्ट म्हणतात. एस्केप सिस्टीमच्या मोटारी पेटल्या, त्यांनी मॉड्यूल वर खेचून बाजूला समुद्राकडे नेलं आणि पॅराशूटने ते पाण्यात उतरलं. सगळा खेळ २५९ सेकंदांचा. सव्वाचार मिनिटं म्हणा.

गगनयानाची जाहीर घोषणा कधी झाली? लाल किल्ल्यावरून, १५ ऑगस्ट २०१८ ला. म्हणजे पळून जायच्या दरवाज्याची पहिली चाचणी आधी झाली, आणि "आम्ही जाणार" हे देशाला सांगणं सहा आठवड्यांनी झालं.

आपल्याकडे काय होतं? आधी बॅनर, फ्लेक्स, उद्घाटनाची पत्रिका आणि व्हॉट्सअॅप स्टेटस. दुकान नाही चाललं तर काय, हा प्रश्न कुणी विचारला की "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून त्याला गप्प बसवायचं. मंडळी, अपयशाची तयारी करणं म्हणजे अपशकुन नाही. ज्यांनी एस्केप सिस्टीम बनवली त्यांना रॉकेट फुटायलाच हवं होतं असं कुणी म्हणेल का?

माल पाठवणं आणि माणूस पाठवणं

अंतराळाच्या क्षेत्रात एक शब्द आहे, ह्यूमन रेटेड. मराठीत मानवयोग्य म्हणू. उपग्रह नेणारं रॉकेट आणि माणूस नेणारं रॉकेट दिसायला एकसारखं असू शकतं, पण दोघांची कसोटी वेगळी. उपग्रह गेला तर पैसे जातात, वर्षं जातात, वाईट वाटतं. माणूस गेला तर भरपाईच नाही.

म्हणून त्याच एलव्हीएम-३ रॉकेटला माणसांसाठी पुन्हा तपासलं गेलं. एकच आकडा देतो. त्याच्या वरच्या टप्प्याचं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन मानवयोग्य ठरल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यासाठी चार इंजिनं जमिनीवर ३९ वेळा पेटवून बघितली होती. नियमाप्रमाणे किमान ६,३५० सेकंद चालवणं गरजेचं होतं, प्रत्यक्षात ती ८,८१० सेकंद चालवली. आणि हे इंजिन तोपर्यंत चंद्रयान-२ आणि चंद्रयान-३ घेऊन गेलेलं होतं! तरीही माणसासाठी परीक्षा वेगळी घेतली.

पॅराशूटचंही तसंच. क्रू मॉड्यूलला चार प्रकारची मिळून दहा पॅराशूट आहेत. त्यातली शेवटची मोठी तीन. तीनपैकी दोन उघडली तरी सुरक्षित उतरता येतं. तिसरं कशाला? दोघांपैकी एक उघडलं नाही तर, यासाठी.

आता तुमच्याकडे वळतो. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. बॉक्स, पाऊच, टेप, लेबल असा माल. त्यामुळे नवा धंदा सुरू करणारी मंडळी सगळ्यात आधी माझ्या काउंटरवर येतात. कुणी पापडाला पाऊच बघतं, कुणी केकला बॉक्स. मी त्यांना बॉक्सचा साइज विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतो : "यात कुणाचे पैसे आहेत?"

स्वतःच्या बचतीतले वीस-पंचवीस हजार असतील तर तो उपग्रह आहे. सोडा, शिका, बुडालं तर हळहळा आणि पुन्हा करा. पण त्यात आईच्या पाटल्या बँकेत तारण असतील, वडिलांच्या निवृत्तीची रक्कम असेल, बायकोची भिशी असेल, भावाने स्वतःच्या नावावर पर्सनल लोन काढून दिलं असेल, तर तुमच्या रॉकेटमध्ये माणसं बसली आहेत. तुमच्या धंद्याला आता मानवयोग्य कसोटी लागते. बाहेरून दुकान तेच, शटर तेच, माल तोच. पण नियम बदलले. फरक हा आहे, आणि "उडी मारा" म्हणणारे नेमका हाच फरक सांगत नाहीत. उडी ते एकट्याच्या हिशेबाने सांगतात, पडतं मात्र सगळं घर.

परतीच्या रस्त्याचा हिशेब कसा करायचा

नुसतं तत्त्व सांगून मी सोडत नाही, आकडे मांडू. हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावाप्रमाणे ते बदलून घ्या.

समजा, तुम्ही चहा-नाश्त्याचा गाळा काढताय आणि ६ लाख घालताय. डिपॉझिट दीड लाख, फर्निचर आणि सजावट दोन लाख, मशीन एक लाख, कच्चा माल ५० हजार, हातात एक लाख. भाडं महिना १५ हजार, करारात ११ महिन्यांचा लॉक-इन. आता सहा महिन्यांनी बंद करावं लागलं तर काय परत येतं ते लिहा.

लॉक-इनचे पाच महिने उरले, म्हणजे ७५ हजार डिपॉझिटमधून कापले जाणार, हातात ७५ हजार. भिंतीत ठोकलेल्या फर्निचरचे आले तर ४० हजार. नवं घेतलेलं मशीन अर्ध्या किमतीत, ५० हजार. मालाचे १५ हजार. हातातले एक लाख कधीच संपले. एकूण परत आले १ लाख ८० हजार. खड्डा ४ लाख २० हजारांचा. नोकरी करून महिन्याला १० हजार बाजूला टाकले तरी तो भरायला साडेतीन वर्षं लागतील.

आता तोच धंदा वेगळ्या मांडणीने. अर्धा गाळा, डिपॉझिट ५० हजार, लॉक-इन तीनच महिन्यांचा, त्यानंतर एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं करारात लिहून घेतलेलं. उचलून नेता येईल असा स्टीलचा काउंटर आणि टेबलं ६० हजार. सेकंडहँड मशीन ४५ हजार. माल २५ हजार. हातात ७० हजार. एकूण अडीच लाख. सहा महिन्यांनी बंद केलं तर डिपॉझिट पूर्ण ५० हजार, काउंटर-टेबलांचे ३५, मशीनचे ३५, मालाचे १०. परत आले १ लाख ३० हजार. खड्डा १ लाख २० हजार. म्हणजे वर्षभराची बचत. वर्षभराने तुम्ही पुन्हा उभे.

धंदा चालला तर दुसऱ्या मांडणीत काय नुकसान झालं? फारसं काही नाही. बैठक थोडी साधी दिसली, एवढंच. पहिल्या मांडणीत मात्र चहा चांगला असूनही, फक्त जागा चुकली म्हणून, एक घर साडेतीन वर्षं मागे जातं.

लॉक-इन, नोटिशीची मुदत, मशीनची रिसेल किंमत, उधारीची कमाल मर्यादा आणि जुनी नोकरी किंवा जोडधंदा पुन्हा मिळेल का, ही तुमची पाच पॅराशूट. सगळी उघडतील असं धरू नका. दोन नाही उघडली तरी उतरता आलं पाहिजे.

दुसऱ्याच्या दुकानात शिकून घ्या

गगनयानासाठी हवाई दलाचे चार वैमानिक निवडले गेले. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. त्यांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली, पण तयारी २०२० मध्येच रशियातल्या गागारिन केंद्रात सुरू झाली होती. तिथे त्यांना सुरुवातीलाच काय शिकवलं? यान भलत्याच ठिकाणी उतरलं तर बर्फाळ जंगलात, पाण्यात, उघड्या माळरानावर जीव कसा वाचवायचा आणि मदत येईपर्यंत कसं टिकायचं. उड्डाणाला अजून कित्येक वर्षं होती, आणि शिक्षण चाललं होतं चुकीच्या जागी उतरल्यावरचं.

पुढे २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अॅक्सियम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले. तिथे पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय. यान आणि रॉकेट अमेरिकन कंपनीचं, जागा आपण पैसे देऊन घेतलेली. कुणी म्हणालं, "एवढे कोटी दुसऱ्याच्या गाडीच्या तिकिटाला कशाला?" मला हा खर्च पटतो. १९८४ ला आपण पाहुणे म्हणून गेलो होतो. २०२५ ला आपण शिकाऊ म्हणून गेलो, कारण आता घरी स्वतःची गाडी बांधायला घेतलेली होती. त्याच मोहिमेआधी रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती सापडली तेव्हा इस्रोच्या पथकाने आधी नीट दुरुस्ती करा असा आग्रह धरला. तसा आग्रह ज्याला काम कळतं तोच धरू शकतो.

तुम्हाला बेकरी काढायची असेल तर सहा महिने बेकरीत काम करा. पगार कमी मिळाला तरी चालेल. उरलेल्या पावाचं रात्री काय होतं, ओव्हन बिघडला की कोण येतं, सणाच्या आधी मैद्याचा भाव कसा वाढतो, हे कुठल्याच कोर्समध्ये, माझ्याही कोर्समध्ये, पूर्ण कळत नाही.

पाच सेकंद उरले असताना थांबणं

२१ ऑक्टोबर २०२३. टीव्ही-डी१ नावाची चाचणी. उड्डाण सुरू असताना वाटेत बिघाड झाला तर माणसांचं मॉड्यूल सुटून येतं का, हे बघायचं होतं. त्यासाठी मोठं महागडं एलव्हीएम-३ वापरलं नाही. एका टप्प्याचं छोटं, स्वस्त चाचणी-वाहन खास त्यासाठी बनवलं. ट्रायल स्वस्त गाडीवर घ्यायची, हाही एक धडा.

त्या सकाळी सगळा देश टीव्हीसमोर होता. पावणेनऊला, उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना, संगणकाने काउंटडाऊन थांबवलं. लाखो लोक बघतायत म्हणून कुणी "होऊन जाऊ दे" म्हणालं नाही. दोष शोधला, दुरुस्त केला आणि दहा वाजता उड्डाण केलं. मॉड्यूल सुखरूप समुद्रात उतरलं.

त्याच्याही आधीची एक आठवण सांगतो. २०१० मध्ये जीएसएलव्हीची दोन उड्डाणं फसली, एक एप्रिलमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. त्यानंतर तीन वर्षं त्या रॉकेटने उड्डाणच केलं नाही. १९ ऑगस्ट २०१३ ला पुन्हा तयारी झाली, आणि ७४ मिनिटं उरली असताना इंधनाची गळती दिसली. उड्डाण रद्द. शेवटी ५ जानेवारी २०१४ ला ते यशस्वी झालं. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन खऱ्या उड्डाणात चाललेलं आपण तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

उद्घाटनाची पत्रिका वाटून झाली, आमदारसाहेबांची वेळ घेतली, आणि आदल्या दिवशी कळलं की फूड लायसन्स आलेलं नाही किंवा मीटरचा लोड वाढवून मिळालेला नाही. थांबाल का? जो थांबेल त्याला चार दिवस लोक हसतील. जो थांबणार नाही त्याला पुढे दंडाची नोटीस हसेल.

"पण मग किती थांबायचं?"

हा प्रश्न रास्त आहे. गगनयानावरच तो लोक विचारतात. २०१८ मध्ये सांगितलं होतं की २०२२ पर्यंत भारतीय माणूस आपल्या यानातून जाईल. २०२२ गेलं. मध्ये कोविड आला, पण सगळा उशीर कोविडचा नाही. पुढच्याही तारखा सरकल्या, आणि २०२५ मध्ये सांगितलं गेलं की माणसासह उड्डाण २०२७ मध्ये होईल. खर्चही वाढला. सुरुवातीला सुमारे १० हजार कोटींचा असलेला कार्यक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटींवर गेला. त्यात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग जोडला आणि डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमा असं ठरलं.

इथे माझं मत दोन भागांत आहे.

एक, २०२२ ही तारीख कामाच्या हिशेबाने आली असं मला वाटत नाही. ती स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीच्या हिशेबाने आली. आपणही तेच करतो. गाळ्याचं काम अर्धं असतं, पण पाडवा आला म्हणून शटर उघडायचं. मुहूर्त जरूर पाळा, मीही पाळतो. पण मुहूर्ताला पूजा करा आणि विक्री तयारी झाल्यावर सुरू करा. तारीख जाहीर करायची तर पुढच्या चाचणीची करा, शेवटच्या यशाची नको.

दोन, उशीर आणि आळस यात फरक आहे, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे. उशीर होत असताना काम चालू दिसतं का? २०२३ मध्ये टीव्ही-डी१. २०२४ मध्ये इंजिनाची पात्रता. २४ ऑगस्ट २०२५ ला चिनूक हेलिकॉप्टरमधून जवळपास पाच टनांचं नकली मॉड्यूल खाली सोडून पॅराशूटची चाचणी. प्रत्येक वर्षाच्या नावापुढे एक तपासलेली गोष्ट आहे. आणि माणूस जायची वाट बघत रॉकेट रिकामं उभं राहिलं नाही. त्याच एलव्हीएम-३ ने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये वनवेब कंपनीचे ३६-३६ असे ७२ उपग्रह पैसे घेऊन वर नेले. जुलै २०२३ मध्ये चंद्रयान-३ नेलं. मोठं स्वप्न पूर्ण व्हायच्या आधी गाडी कमावत होती.

तुम्हीही हेच बघा. तीन वर्षं "मी क्लाऊड किचन काढणार" म्हणताय, पण एकाही रविवारी दहा डबे विकलेले नाहीत, तर ती तयारी नाही. ती टाळाटाळ आहे. नोकरी सांभाळून दर रविवारी दहा डबे विकताय, हिशेब लिहिताय, गिऱ्हाईक परत येतंय का बघताय, तर दोन वर्षं लागली तरी तुम्ही काउंटडाऊनमध्ये आहात. "आधी लगीन कोंढाण्याचं" हे ठीक, पण कोंढाण्यावर जाताना घोरपड आणि दोर बरोबर होते, अशीच गोष्ट आपण ऐकत आलोय.

तुलना कुठे थांबते

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. इस्रोमागे देशाची तिजोरी आहे. दोन उड्डाणं फसली तरी तिसऱ्याचे पैसे मिळतात. तुम्हाला ते मिळणार नाहीत. पण त्यामुळे माझा मुद्दा कमी होत नाही, उलट पक्का होतो. ज्यांना पुन्हा पैसे मिळू शकतात तेही परतीचा रस्ता आधी तपासतात. मग ज्यांना एकदाच मिळतात त्यांनी काय करावं?

आणि ज्यांना कारखानदारीत उतरायचंय त्यांच्यासाठी एक जवळची गोष्ट. गगनयानाच्या रॉकेटच्या बूस्टरचा पहिला भाग २०२० मध्ये आपल्या पवईतल्या एल अँड टीच्या कारखान्यातून गेला. विक्रोळीत गोदरेजकडे इस्रोच्या इंजिनांचं काम चालतं. तिकडे इंदापूरजवळ वालचंदनगरमध्ये रॉकेटच्या बूस्टरचे भाग बनतात. अशा कामात सुटा भाग नुसता बनवून चालत नाही. कुठल्या धातूचा, कुणी तपासला, कधी तपासला याचा कागद बरोबर लागतो. तुम्ही नट-बोल्ट बनवा नाहीतर लोणचं, बॅच नंबर आणि तारीख लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एक बरणी खराब निघाली तर बाकीच्या कुठल्या परत मागवायच्या, हे तरच कळेल. मालाच्या परतीचा रस्ता तो हाच.

या आठवड्याचं काम

एक कागद घ्या. वर लिहा, "हा धंदा बंद करावा लागला तर". खाली पाचच ओळी. किती तोटा झाला की थांबायचं, तो आकडा. कुठल्या तारखेला तो तपासायचा, ती तारीख. करारातून बाहेर पडायला किती दिवस आणि किती रुपये लागतील. कुठली वस्तू कितीला विकली जाईल (बाजारात विचारून लिहा, अंदाजाने नको). आणि कुणाचे पैसे आधी परत करायचे, त्यांची नावं क्रमाने.

मग तो कागद ज्यांचे पैसे आहेत त्यांना वाचून दाखवा. आईला, वडिलांना, बायकोला, नवऱ्याला, भावाला. बर्फात कसं टिकायचं हे अंतराळवीरांना उड्डाणाच्या कित्येक वर्षं आधी शिकवलं, कारण जीव त्यांचा होता. तुमच्या धंद्यात पाटल्या आईच्या आहेत. एस्केपचा रस्ता कुठून आहे हे तिला माहीत असणं हा तिचा हक्क आहे.

ती वाचून म्हणाली, "बरं, काढ दुकान," तर बिनधास्त काढा. आणि पहिला बॉक्स घ्यायला माझ्याकडे या, साइज मी नीट काढून देतो.